अठरा वर्षांच्या बचावपटूची पारख

२४ जून २०१६. अमेरिकेतील बफेलो शहरात नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएलचा वार्षिक ड्राफ्ट सुरू होता. जगभरातील अठरा वर्षांच्या आगेमागे असलेल्या आइस हॉकीपटूंतून लीगच्या तीस क्लबांनी क्रमाक्रमाने आपापले खेळाडू निवडायचे, अशी ही व्यवस्था. नवव्या क्रमांकाची पाळी आली तेव्हा मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या खुद्द लीगहूनही वयाने मोठ्या असलेल्या क्लबने मिखाईल सेर्गाचेव्ह या रशियन बचावपटूचे नाव पुकारले. त्याला अठरा वर्षे पूर्ण होण्यास आणखी एक दिवस बाकी होता.

त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, १५ जून २०१७ रोजी, याच क्लबने त्याला टॅम्पा बे लाइटनिंगच्या स्वाधीन केले आणि बदल्यात जोनाथन ड्रुअँ हा आघाडीपटू घेतला. तोपर्यंत सेर्गाचेव्ह मॉन्ट्रियलच्या गणवेशात लीगचे अवघे चार सामने खेळला होता. पुढे टॅम्पाने २०२० आणि २०२१ असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ली कप जिंकला. दोन्ही वेळा सेर्गाचेव्ह संघात होता आणि दुसऱ्या खेपेस अंतिम फेरीत समोर उभा असलेला संघ होता मॉन्ट्रियलचाच!

ही हकीकत वाचून मॉन्ट्रियलच्या धुरीणांना हसणे सोपे आहे. पण ते न्याय्य ठरणार नाही. सतरा-अठराव्या वर्षी या मुलाच्या खेळात जे दोष दिसत होते, ते कोणाच्या कल्पनेतले नव्हते. ते सर्वांनाच दिसत होते, टॅम्पालाही. फरक होता तो त्या दोषांचा अर्थ लावण्यात, आणि त्याहीपेक्षा अधिक म्हणजे थांबण्याची ऐपत कोणाकडे होती, यात. बचावपटूची पारख हे आइस हॉकीतील सर्वांत अवघड काम का समजले जाते, याचा उलगडा सेर्गाचेव्हच्या उदाहरणातून जितका होतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या उदाहरणातून होत असेल.

दीड सेकंदाचा प्रश्न

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकी डोळ्यांपुढे येते. आइस हॉकीचा संसार वेगळा. एनएचएलमधील बर्फाचे मैदान, म्हणजे रिंक, दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद असते. भोवती लाकडी-प्लास्टिकच्या भिंती. एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा जण बर्फावर असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. चेंडूऐवजी घट्ट रबराची चकती. दोन निळ्या रेषा मैदानाचे तीन भाग करतात: आपले क्षेत्र, मधले क्षेत्र आणि प्रतिस्पर्ध्याचे क्षेत्र. खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो आणि बाकावर परततो. त्याच्या जागी दुसरा उडी घेतो. सामना साठ मिनिटांचा आणि बचावपटूंच्या जोड्या तीन. म्हणजे सरळ हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटे यावीत. प्रत्यक्षात पहिल्या जोडीतील खेळाडू चोवीस-पंचवीस मिनिटे खेळतो आणि तिसऱ्या जोडीतील चौदा-पंधरा. कोणत्या बचावपटूवर प्रशिक्षकाचा किती विश्वास आहे, हे जाणून घ्यायचे असेल तर त्याच्या मुलाखती वाचण्यापेक्षा हा मिनिटांचा आकडा पाहावा.

आघाडीपटूचे मूल्यमापन तुलनेने सोपे असते. तो गोल करतो किंवा करत नाही. बचावपटूचे चांगले काम मात्र पुष्कळदा 'काहीच घडले नाही' या स्वरूपात दिसते. प्रतिस्पर्धी चकती घेऊन पुढे येत आहे आणि बचावपटू त्याच्याकडे तोंड करून, उलट्या दिशेने स्केटिंग करत मागे सरकत आहे, हे दृश्य घ्या. दोघांमधील अंतर किती असावे? ते जास्त राहिले तर समोरच्याला मान वर करून बघायला, फटका मारायला किंवा सहकाऱ्याकडे चकती द्यायला मोकळीक मिळते. कमी राहिले तर एका झोक्यात तो बाजूने निसटतो आणि मग त्याच्या व गोलरक्षकाच्या मध्ये कोणीच उरत नाही. हे अंतर प्रत्येक क्षणी बदलत असते आणि ते राखण्याची कला नजर, पाय आणि स्टिकची लांबी या तिन्हींच्या जोरावर साधते. चांगला बचावपटू हे अंतर असे काही राखतो की, समोरचा कंटाळून चकती भिंतीकडे ढकलून देतो. आकडेवारीत याची नोंद होत नाही.

याहून अवघड प्रसंग म्हणजे आपल्याच गोलामागच्या कोपऱ्यात पडलेली चकती उचलून आणणे. प्रतिस्पर्ध्याने ती मुद्दामच तेथे भिरकावलेली असते. बचावपटूला पाठ करून तिच्याकडे धावावे लागते आणि मागून दोन धटिंगण आघाडीपटू त्याला भिंतीवर चिरडण्याच्या इराद्याने येत असतात. चकतीपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याने खांद्यावरून मागे एक कटाक्ष टाकलेला असला पाहिजे. त्या कटाक्षात कोण कोठे आहे, हे टिपले असले पाहिजे. त्यानंतर हाती उरतो तो सुमारे दीड सेकंदाचा अवधी. भिंतीलगत सुरक्षित ढकलायची, जोडीदाराकडे गोलामागून सरकवायची, मधल्या मोकळ्या जागेत धावणाऱ्या सहकाऱ्याला थेट द्यायची की स्वतःच घेऊन निघायचे? मधल्या जागेतला पास साधला तर आपला संपूर्ण संघ एका झटक्यात हल्ल्यावर निघतो. हुकला तर चकती आपल्याच गोलासमोर प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर. फुटबॉलमधील मध्यरक्षकाने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात आडवा पास देण्यासारखेच हे धाडस.

स्काउट मंडळी तरुण बचावपटूकडे पाहताना मुख्यतः या दोन प्रसंगांत तो काय करतो, हे पाहतात. बाकीचे बव्हंशी शिकवता येते.

नीझनेकाम्स्क ते विंडसर

सेर्गाचेव्हचा जन्म २५ जून १९९८ चा, तातारस्तानमधील नीझनेकाम्स्क या औद्योगिक शहरातला. कझानच्या कनिष्ठ संघात खेळल्यानंतर २०१५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्याने कॅनडाची वाट धरली आणि ऑन्टॅरिओ हॉकी लीगमधील विंडसर स्पिटफायर्स या कनिष्ठ संघात तो दाखल झाला. घर दूर, भाषा परकी. तरीही पहिल्याच हंगामात ६७ सामन्यांत १७ गोल आणि ४० गोलसाहाय्ये, म्हणजे ५७ पॉइंट त्याने नोंदवले. (हॉकीत गोल आणि गोलसाहाय्य यांना सारखाच एक पॉइंट मिळतो.) त्या लीगमधील सर्वोत्कृष्ट बचावपटूला मिळणारा मॅक्स कमिन्स्की करंडकही त्याने पटकावला. सतरा वर्षांच्या मुलाने, तेही परदेशातून आलेल्या, तो जिंकणे ही साधी गोष्ट नव्हे.

त्याचे कॅनडात येणे दुसऱ्या एका दृष्टीनेही मोलाचे होते. रशियन खेळाडूंबाबत एनएचएलच्या क्लबांना नेहमी एक धास्ती असते. रशियातील कॉन्टिनेंटल हॉकी लीग २००८ मध्ये सुरू झाली. तेथील क्लबशी करार असलेला खेळाडू करार संपेपर्यंत येत नाही, आणि कधी कधी येतच नाही. किरिल काप्रिझोव्ह याला मिनेसोटाने २०१५ मध्ये निवडले, पण तो प्रत्यक्ष खेळू लागला २०२१ च्या जानेवारीत. सेर्गाचेव्हने स्वतःहून उत्तर अमेरिकेत येऊन हा प्रश्नच निकालात काढला होता. तेव्हा त्याच्याविषयी जी चर्चा झाली ती बव्हंशी खेळाविषयीच झाली, हे बरे झाले.

त्याच्या जमेच्या बाजू डोळ्यांत भरणाऱ्या होत्या. सहा फुटांहून अधिक उंची, नव्वद किलोंहून अधिक वजन आणि तरीही पायांत चपळाई. एवढ्या धिप्पाड मुलाला चकती घेऊन आपल्या क्षेत्रातून बाहेर पडताना, वाटेत एकाला हुलकावणी देऊन वेग वाढवताना पाहिले की, स्काउट वहीत तारांकित नोंद करत. फटका जबरदस्त, निळ्या रेषेवरून गोलाकडे मारलेली चकती गर्दीतूनही वाट काढी. शारीरिक संघर्षाला तो बिचकत नसे. उलट तो ओढवून घेण्याकडेच कल. या सर्वांच्या मुळाशी होता तो आत्मविश्वास. चकती आपल्याकडे असणे म्हणजे संधी, ओझे नव्हे, ही वृत्ती.

सोव्हिएत परंपरेशी ही वृत्ती जुळणारी आहे. अनातोली तारासोव्ह यांच्या शिकवणुकीत चकती आपल्या ताब्यात ठेवणे आणि पाचही खेळाडूंनी मिळून हल्ला विणणे, याला प्राधान्य असे. व्याचेस्लाव्ह फेतिसोव्हसारखा बचावपटू त्या शाळेचा आदर्श. तथापि रशियाने एनएचएलला जेवढे थोर आघाडीपटू दिले तेवढे बचावपटू दिलेले नाहीत. फेतिसोव्ह, सर्गेई झुबोव्ह, सर्गेई गोंचार, आंद्रेई मार्कोव्ह अशी मोजकी नावे घ्यावी लागतात. सर्वोत्तम बचावपटूसाठीचा नॉरिस करंडक तर २०२५ पर्यंत एकाही रशियन खेळाडूला मिळालेला नव्हता. त्यामुळे असा एखादा मुलगा दिसला की अपेक्षा अंमळ अधिकच वाढतात.

दोष कोणते होते?

आता दुसरी बाजू. कनिष्ठ गटात सेर्गाचेव्ह इतरांहून ताकदीने आणि वेगाने सरस असल्यामुळे त्याला चुकांची किंमत क्वचितच मोजावी लागे. म्हणून तो चुका करत राही. आपल्या क्षेत्रातून बाहेर पडताना साधा पास उपलब्ध असतानाही तो मधल्या जागेतला अवघड पास निवडी. चकती घेऊन एकाला चकवल्यावर दुसऱ्यालाही चकवण्याचा मोह त्याला आवरत नसे आणि तेथेच ती गमावली जाई. प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेवर, चकती अडवण्यासाठी पुढे झेपावायचे की मागे सरायचे, या निर्णयात तो जवळजवळ नेहमीच झेपावण्याच्या बाजूने कौल देई. झेप चुकली की मागे दोघांविरुद्ध एकटा जोडीदार उरे. आपल्या गोलासमोर उभे राहून आपला माणूस धरून ठेवण्याच्या कंटाळवाण्या कामात त्याचे लक्ष अधूनमधून उडे. शारीरिक संघर्षाच्या ओढीपायी जागा सोडणे आणि नाहक दंड ओढवून घेणे, हेही होतेच.

ही यादी जमेच्या यादीशेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. यांतला जवळजवळ प्रत्येक दोष हा एखाद्या गुणाचाच अतिरेक आहे. चकती घेऊन निघण्याची हिंमत आहे म्हणून ती गमावली जाते. मधला पास दिसतो म्हणून तो दिला जातो. ज्याला तो दिसतच नाही, तो भिंतीलगत ढकलून मोकळा होतो आणि त्याच्या नावावर चूक लागत नाही. झेपावणे चुकते, कारण दहांपैकी सहा-सात वेळा ते बरोबर आलेले असते.

बचावपटूंतील दोष ढोबळमानाने दोन जातींचे असतात, असे म्हणता येईल. एका जातीत काहीतरी मुळातच कमी असते: पाय जड आहेत, उलट्या दिशेने वळताना तोल जातो, खेळ उशिरा उमगतो. दुसऱ्या जातीत काहीतरी जास्त असते आणि त्याला वेसण नसते. पहिल्या जातीचा खेळाडू अठराव्या वर्षी पुष्कळदा अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण आपल्या मर्यादा ओळखून तो साधे खेळतो. दुसऱ्या जातीचा खेळाडू प्रशिक्षकाच्या छातीत धडकी भरवतो. पण वेसण घालता येते; पाय आणि नजर बाहेरून आणून बसवता येत नाहीत. अर्थात सगळ्यांनाच वेसण घालता येते असेही नाही. कित्येक जण तिशी गाठेपर्यंत तोच अवघड पास देत राहतात आणि एके दिवशी लीगमधून नाहीसे होतात.

सेर्गाचेव्हच्याच ड्राफ्टमध्ये याचा पडताळा घेता येतो. त्या वर्षी सर्वांत आधी निवडला गेलेला बचावपटू होता ऑली युओलेव्ही. व्हँकुव्हरने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतले. फिनलंडचा हा मुलगा शांत, समंजस, चुका न करणारा. त्याच वर्षी जागतिक कनिष्ठ स्पर्धा आणि कॅनडाचा मेमोरियल कप असे दोन्ही मान त्याच्या संघांनी मिळवलेले. सुरक्षित निवड म्हणतात ती हीच. दुर्दैवाने दुखापतींनी त्याला ग्रासले आणि एनएचएलमध्ये त्याचे पन्नास सामनेही झाले नाहीत. दुखापतीचे भाकीत कोण करणार? चौदाव्या क्रमांकावर बॉस्टनने घेतलेला चार्ली मॅकाव्हॉय मात्र पुढे त्या संघाच्या बचावाचा कणा ठरला. म्हणजे ज्यांचा व्यवसायच पारख करण्याचा, त्यांनीही त्या दिवशी क्रम चुकवलाच.

मधली पायरी नसलेली शिडी

२०१६ च्या शरद ऋतूत मॉन्ट्रियलपुढे पेच उभा राहिला. सेर्गाचेव्ह कनिष्ठ गटासाठी फार मोठा झाला होता आणि एनएचएलसाठी अजून कच्चा होता. अशा मुलाला व्यावसायिक, पण दुय्यम लीगमध्ये वर्ष-दोन वर्षे मुरू द्यावे, हा शहाणपणाचा मार्ग. परंतु कॅनडाच्या कनिष्ठ संघांतून निवडलेल्या वीस वर्षांखालील खेळाडूला त्या दुय्यम लीगमध्ये पाठवता येत नसे. तेव्हाचा करारच तसा होता. एक तर त्याला एनएचएलमध्येच ठेवायचे, नाहीतर विंडसरला परत धाडायचे. त्यातही दहावा सामना खेळवला की त्याच्या पहिल्या तीन वर्षांच्या कराराचे एक वर्ष खर्ची पडते. मॉन्ट्रियलने त्याला काही सामने खेळवले आणि परत पाठवले.

विंडसरमध्ये त्या हंगामात काय झाले? संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, मग चव्वेचाळीस दिवस सामन्याविना बसला, आणि यजमान या नात्याने मे २०१७ मध्ये मेमोरियल कपमध्ये उतरून तो जिंकला! सेर्गाचेव्हच्या नावावर करंडकाची भर पडली. पण अवघड पास देण्याची खोड ज्या गटात खपून जात होती, त्याच गटात त्याचे आणखी एक वर्ष गेले, हेही तितकेच खरे.

दरम्यान मॉन्ट्रियलला गोल करणारा माणूस हवा होता, आणि तो क्वेबेकचा, फ्रेंच बोलणारा असेल तर सोन्याहून पिवळे. तेथील वृत्तपत्रे आणि चाहते यांचा या बाबतीतला आग्रह जगजाहीर आहे. ड्रुअँ २०१३ च्या ड्राफ्टमधील तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू, वय बावीस, जन्म क्वेबेकमधला. व्यवस्थापक मार्क बर्जव्हिन यांनी सौदा केला आणि ड्रुअँशी सहा वर्षांचा करारही केला.

या सौद्यातील एक कलम फार बोलके आहे. सेर्गाचेव्हने २०१७-१८ च्या हंगामात टॅम्पासाठी चाळीस सामने खेळले नाहीत, तर मॉन्ट्रियलने दुसऱ्या फेरीतील एक निवडहक्कही टॅम्पाला द्यायचा. टॅम्पाचे व्यवस्थापक स्टीव्ह आयझरमन, जे स्वतः डेट्रॉइटकडून फेतिसोव्हबरोबर खेळलेले, यांनी आपल्या पारखीवर जणू विमाच उतरवून घेतला होता. मुलगा लगेच तयार निघाला तर उत्तम. नाही निघाला तर भरपाई. गुण-दोषांविषयी खात्री कोणालाच नव्हती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता?

मॉन्ट्रियलचे नशीब असे की, त्याच उन्हाळ्यात मार्कोव्हने क्लब सोडून रशियाची वाट धरली. १९९८ मध्ये, म्हणजे सेर्गाचेव्हच्या जन्मवर्षी, १६२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला आणि पुढे सोळा हंगाम मॉन्ट्रियलच्या डाव्या बाजूचा आधार राहिलेला हा रशियन बचावपटू. त्याचा वारस जूनमध्ये विकला गेला आणि जुलैत तोही गेला.

पंधरा मिनिटांची शाळा

टॅम्पाने सेर्गाचेव्हचे जे केले, तो या कथेतील सर्वांत शिकण्याजोगा भाग. प्रशिक्षक जॉन कूपर यांच्याकडे पहिल्या जोडीसाठी व्हिक्टर हेडमन होता, लीगमधील सर्वोत्तमांपैकी एक. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या मुलाला प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम आघाडीपटूंसमोर उभे करण्याची निकड नव्हती. त्याला तिसऱ्या जोडीत घालण्यात आले. सामन्यामागे साधारण पंधरा मिनिटे, तीही शक्यतो प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात खेळ सुरू होत असेल तेव्हा, आणि शिवाय पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एक खेळाडू दंडामुळे बाहेर बसलेला असतानाचा काळ. जेथे त्याचे गुण फळतील आणि दोषांची किंमत कमी पडेल, नेमके तेवढेच काम.

फळ लगेच दिसले. ७९ सामने, ९ गोल, ३१ गोलसाहाय्ये. चाळीस पॉइंट! मॉन्ट्रियलमध्ये हळहळ सुरू झाली. पण हे आकडे फसवे होते. चाळीस पॉइंट करणारा तो मुलगा अजूनही अर्धाच बचावपटू होता. प्रशिक्षक त्याला निम्म्या परीक्षेलाच बसवत होते.

खरी प्रगती पुढच्या दोन वर्षांत झाली, आणि गंमत अशी की, त्या काळात आकडे खाली आले. २०१८-१९ मध्ये ३२ पॉइंट, २०१९-२० मध्ये ३४. वर्तमानपत्री हिशेबाने हा मुलगा जागीच थांबला होता. परंतु त्याची मिनिटे पंधरावरून अठराच्या घरात आणि तेथून वीसच्या पुढे गेली. काम बदलले होते. आता त्याला अवघड वेळी, आपल्या क्षेत्रात, तगड्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उतरवले जाऊ लागले. ज्याने पूर्वी मधला पास दिला असता, तो आता कटाक्ष टाकून, वाट बंद दिसताच, निमूटपणे भिंतीलगत चकती ढकलू लागला. त्याने अवघड पास देणे सोडले नाही. तो कधी द्यायचा नाही, हे शिकला. बचावपटूच्या परिपक्वतेची याहून चांगली खूण नाही, आणि ती कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात, महासाथीमुळे टोरँटो आणि एडमंटनच्या रिकाम्या स्टेडियमांत झालेल्या बाद फेरीत तो टॅम्पासाठी २५ सामने खेळला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी, ७ जुलै २०२१ रोजी, मॉन्ट्रियलला ४-१ असे हरवून टॅम्पाने कप राखला. ड्रुअँ त्या वेळी वैयक्तिक कारणांमुळे रजेवर असल्याने ही समोरासमोरची तुलना प्रत्यक्ष बर्फावर झाली नाही. मॉन्ट्रियलच्या निळ्या रेषेवर तेव्हा दुसराच एक तरुण रशियन उभा होता: अलेक्झांडर रोमानोव्ह. २०१८ मध्ये ३८ व्या क्रमांकावर निवडलेला, पॉइंट फारसे न करणारा, साधे आणि अंगावर जाऊन खेळणारा. सेर्गाचेव्हच्या अगदी उलट घडणीचा. त्या मालिकेत मॉन्ट्रियलने जिंकलेल्या एकमेव सामन्यात त्याने गोलही केला. वर्षभराने मॉन्ट्रियलने त्यालाही न्यूयॉर्क आयलंडर्सकडे धाडले, आणि तेथे २०२५ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा करार झाला. एकाच क्लबने दोन वर्षांच्या अंतराने दोन भिन्न प्रकृतींचे रशियन बचावपटू अचूक हेरले आणि दोघांनाही पंचविशीपूर्वी दुसऱ्याच्या पदरात टाकले! म्हणजे मॉन्ट्रियलच्या स्काउटांची नजर अधू होती असे मुळीच नाही. घाई होती ती वरच्या मजल्यावर.

उरलेला हिशेब

जुलै २०२२ मध्ये टॅम्पाने सेर्गाचेव्हला आठ वर्षांसाठी ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला. रायन मॅक्डोना हा अनुभवी बचावपटू वेतनमर्यादेपायी त्याच वेळी नॅशव्हिलला गेल्याने कठीण मिनिटे सेर्गाचेव्हकडे आली. २०२२-२३ मध्ये त्याने १० गोल आणि ५४ गोलसाहाय्ये मिळून ६४ पॉइंट केले. आणि या वेळी ते सुमारे चोवीस मिनिटांचे, पुऱ्या परीक्षेचे होते. पहिल्या हंगामातील चाळीस आणि हे चौसष्ट यांची तुलना नुसत्या बेरजेने करणे म्हणजे नेट सरावातील धावा आणि कसोटीतील धावा एकाच रकान्यात मांडणे होय.

त्यानंतरचा हंगाम वाईट गेला. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कमधील सामन्यात त्याच्या डाव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडे मोडली. मागील दुखापतीतून तो त्याच दिवशी परतला होता. एप्रिलअखेरीस फ्लोरिडाविरुद्धच्या बाद फेरीत तो पुन्हा बर्फावर उतरला, हे त्याच्या चिवटपणाचे द्योतक. पण २९ जून २०२४ रोजी टॅम्पाने त्याला यूटाकडे दिले आणि बदल्यात जे. जे. मोझर हा बचावपटू, कॉनर गीकी हा तरुण आघाडीपटू आणि दोन निवडहक्क घेतले. वेतनमर्यादेचा प्रश्न होताच. शिवाय हेडमन असलेल्या संघात सेर्गाचेव्ह कायम दुसराच राहणार होता.

यूटामध्ये तो प्रथमच संघाचा पहिला बचावपटू झाला. २०२४-२५ च्या हंगामात ७७ सामने, १५ गोल, ३८ गोलसाहाय्ये आणि सामन्यामागे सुमारे पंचवीस मिनिटे. गोलांची ही संख्या त्याच्या कारकिर्दीतील तोवरची सर्वाधिक. त्या संघाचा कर्णधार क्लेटन केलर हा २०१६ च्या त्याच ड्राफ्टमध्ये सेर्गाचेव्हच्या दोनच जागा आधी, सातव्या क्रमांकावर निवडला गेलेला.

दोष गेले का? पूर्णतः नाहीत. अंगावर जाण्याच्या भरात दंड ओढवून घेण्याची सवय टॅम्पातही सुटली नव्हती. एखाद्या संध्याकाळी मधल्या जागेतला तो पास अजूनही प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर जातो आणि प्रेक्षागारातून उसासा निघतो. लीगच्या अगदी शिखरावरील दोन-तीन बचावपटूंत त्याची गणना करावी असे क्वचितच कोणी म्हणेल. मात्र पंचवीस मिनिटे खेळणाऱ्या माणसाच्या हातून आठवड्याला दोन चुका होणे आणि पंधरा मिनिटे खेळणाऱ्या मुलाच्या हातून प्रत्येक सामन्यात दोन चुका होणे, यात जे अंतर आहे ते कापायला त्याला पाच वर्षे लागली. ड्रुअँ मॉन्ट्रियलमध्ये सहा हंगाम राहिला. तेथे एका हंगामातील त्याचा सर्वोच्च आकडा ५३ पॉइंट. २०२३ मध्ये तो कोलोराडोला गेला आणि पहिल्याच वर्षी ५६ पॉइंट करून मोकळा झाला.